२४ घरं आणि एक हॉल: कॉमन जागा नक्की किती आणि कुठे ठेवावी?

चोवीसातला_एक:

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे आणि वैतागून लिहितोय, सांभाळून घ्या.

आम्ही २४ कुटुंबं मिळून शहरात एक प्लॉट घेतलाय आणि बिल्डरच्या नादी न लागता आपली बिल्डिंग आपणच बांधायची असं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे काय, दीड वर्ष नुसत्या मीटिंगा चालल्यात. पैसे सगळ्यांकडेच बेताचे. मूळ कल्पना अशी की प्रत्येकाचं घर थोडं लहान करायचं आणि त्यातून वाचलेल्या जागेत सगळ्यांना मिळून वापरता येईल असं काहीतरी करायचं, म्हणजे कपडे धुवायची खोली, पाहुण्यांची खोली, मुलांना पावसात पण खेळता येईल अशी जागा वगैरे, शिवाय बांधकाम कमी झालं की खर्च कमी आणि पर्यावरणाचं पण भलं. ऐकायला फार छान वाटायचं हे.

आता आर्किटेक्टचा पहिला प्लॅन आलाय. वर चार मजले, मजल्यावर सहा घरं, प्रत्येक घर ६० चौरस मीटर. तळमजल्यावर पुढे २४ गाड्यांचं पार्किंग आणि मागच्या कोपऱ्यात १०० चौरस मीटरचा 'कम्युनिटी हॉल'. प्लॅन बघितल्या बघितल्या दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते हॉल उडवा आणि प्रत्येकाला चार-चार मीटर वाढवून द्या, वर्षातून दोनदा वापरायच्या खोलीसाठी आम्ही का पैसे भरायचे. दुसरी म्हणते मग एकत्र आलो कशाला, सरळ फ्लॅटच घेतला असता. मी मधे. खरं सांगायचं तर मला दोघांचं पटतं आणि म्हणून दोघं माझ्यावर चिडलेत.

ज्यांनी असं काही डिझाईन केलंय किंवा अशा ठिकाणी राहिलेत त्यांनी प्लीज सांगा. कॉमन जागा किती टक्के ठेवतात? काय वापरलं जातं, काय धूळ खात पडतं? आणि खरंच स्वस्त पडतं की नुसतं बोलायलाच?


रेघोट्या:

आर्किटेक्ट आहे, पण तुमचा नाही, त्यामुळे मोकळेपणाने बोलतो.

टक्के नंतर. आधी एक काम करा, प्लॅनची प्रिंट काढा, पेन्सिल घ्या आणि गेटपासून प्रत्येक घराच्या दारापर्यंत रेघ ओढा, माणूस रोज जसा चालेल तशी. मग कचरा टाकायला जायची रेघ, सायकल काढायची, कपडे वाळत घालायची. जिथे रेघांवर रेघा चढून कागद काळा होतो तिथे तुमची कॉमन जागा. मागच्या कोपऱ्यातल्या त्या हॉलवर एकही रेघ जाणार नाही, पैज लावतो. तिथे जायचं तर मुद्दाम जायला लागणार, आणि संध्याकाळी दमून आलेला माणूस मुद्दाम कुठेच जात नाही, घरी जातो.

दुसरं, एका जागेमागे किती घरं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरची वसाहत केली त्यात सात घरं साधारण ८ बाय ८ मीटरच्या एका अंगणाभोवती आहेत, असे तीन गट मिळून २१ घरांचं १२ बाय १२ चं पुढचं अंगण, आणि तसंच पुढे वाढत जातं. चिलीत इकीके शहरात २००४ ला ९३ कुटुंबांची किंता मोनरॉय वसाहत झाली, तिथेही सगळ्यांना मिळून एकच मैदान न देता वीसेक घरांमागे एक चौक, म्हणजे मधलं मोकळं अंगण, ठेवला. पैसे इतके कमी होते की घर अर्धंच बांधून दिलं, पण जी अर्धी बाजू एकट्या कुटुंबाला नीट जमत नाही ती आधी दिली, म्हणजे मूळ सांगाडा, जिना, स्वयंपाकघर, बाथरूम. बाकीच्या रिकाम्या जागेत लोकांनी सवडीने खोल्या काढल्या. तुमच्या बजेटवाल्या मंडळींना हे दाखवाच.

तर २४ हा आकडा उत्तम आहे, एका चौकात बसतो, पण मजल्यावरच्या सहा घरांचं स्वतःचं असं काहीतरी वेगळं पाहिजे. आणि ते म्हणजे गॅलरी. मधे अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दारं असं करूच नका. एका बाजूला उघडी गॅलरी, चौकाकडे तोंड करून, म्हणजे घराला दोन्हीकडून खिडक्या मिळतात आणि हवा आरपार जाते. सव्वा मीटर रुंद गॅलरी केली तर लोक फक्त चालतील. दोन मीटरच्या पुढे गेलात की दारात खुर्ची येते, खुर्चीमागे माणूस येतो, माणूस बसला की समोरचा थांबतो. हा पाऊण मीटर तुमच्या अख्ख्या हॉलपेक्षा जास्त काम करेल. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीवर काढा, बेडरूमची चुकूनही नको. आणि आग लागली तर पळायची वाट तीच असते, तेव्हा चालायचा पट्टा वेगळ्या रंगाच्या फरशीने आखून टाका आणि त्यावर काहीही ठेवायचं नाही हे पहिल्या दिवसापासून ठरवा, नाहीतर सहा महिन्यांत तिथे कपाटं येतात.


हॉलची_चावी:

वरच्यांनी पैज लावलीय ती जिंकलेत, मी साक्षीदार आहे.

अशाच एका बिल्डिंगमध्ये अकरा वर्षं काढलीत, नाव घेत नाही. आमचा हॉल तळमजल्यावर मागे होता, खिडकी उघडली की कंपाउंडची भिंत. चावी सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी ऑफिसात. हॉल पाहिजे तर अर्ज करायचा, डिपॉझिट भरायचं, परत देताना फरशीवर डाग आहे का बघायचे. मुलं चुकून आत गेली तर बाहेर काढायचे कारण 'सामान आहे'. सामान म्हणजे काय तर छतापर्यंत रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कुणीतरी घर बदलताना ठेवलेलं एक कपाट, ते मी सोडून आलो तेव्हाही तिथेच होतं.

आणि बसायचे कुठे सगळे? जिन्याच्या पायथ्याशी, मीटरच्या खोलीला लागून, गुडघ्याएवढा एक कट्टा होता. कुणी डिझाईन केलेला नाही, खालून केबल गेलेली ती झाकायला गवंड्याने बांधून टाकलेला. दुपारनंतर तिथे सावली यायची. पाठ टेकून टेकून भिंतीचा रंग ठराविक उंचीवर काळा गुळगुळीत झाला होता, दोन पट्टे, एक मोठ्यांच्या पाठीचा आणि एक पोरांच्या. कमिटीने वर पाटी लावली 'येथे बसू नये', तर लोक पाटीखाली बसायला लागले. अकरा वर्षांत बिल्डिंगचं जे काही ठरलं, पाण्याची टाकी, लिफ्ट, कुणाच्या आजारपणात कोण रात्री थांबणार, सगळं त्या कट्ट्यावर ठरलं, हॉलमध्ये फक्त वार्षिक सभा आणि त्यात भांडणं.

मला वाटतं हॉल उडवा म्हणणारी पार्टी बरोबर आहे, पण चार-चार मीटर वाटून घ्या म्हणणारी चूक आहे. म्हणजे पार्टी एकच आहे, हो, पण अर्धी बरोबर आहे.


हिशेबी_माणूस:

भावना बाजूला ठेवू, आकडे मांडतो.

कपडे धुणं. एका घराचे आठवड्याला चार घाणे धरा, २४ घरांचे ९६. एक मशीन दिवसाला १४ तास चाललं, तासाला एक घाणा, तर आठवड्याला ९८. म्हणजे कागदावर एका मशीनमध्ये भागतंय. रविवारची गर्दी आणि बिघाड धरून तीन घ्या. २४ मशीनच्या जागी ३. प्रत्येक घरात मशीन आणि पुढे उभं राहायला मिळून एक मीटर धरला तर २४ मीटर मोकळे, आणि धुण्याची खोली १२-१५ मीटरात होते. पाइपही एकाच ठिकाणी. पण हे तेव्हाच वाचतं जेव्हा घरात मशीनची जागा ठेवतच नाही. 'असू दे, पुढेमागे लागेल' म्हणून पॉइंट काढून ठेवलात की दोन्हीकडे खर्च, आणि बहुतेक लोक हेच करतात.

पाहुण्यांची खोली. घरटी वर्षाला २० रात्री पाहुणे धरा, ४८० रात्री. दोन खोल्यांच्या मिळून ७३० रात्री असतात. सुट्ट्यांत मारामारी होईल, तेवढी सोसा. २४ जणांनी घरात एकेक १० मीटरची जादा खोली बांधली तर २४० मीटर, इथे २५ मध्ये काम झालं. झ्युरिकमध्ये ट्रामच्या डेपोवर बांधलेली काल्कब्राइटे नावाची सहकारी वसाहत आहे, २०१४ ची, तिथे याची पुढची पायरी केलीय, घरांशिवाय काही सुट्या खोल्या ठेवल्यात, त्यांना 'जोकर' म्हणतात, घरात कुणी वाढलं किंवा पोरगं मोठं झालं की काही काळ ती खोली भाड्याने घ्यायची, गरज संपली की परत. म्हणजे आयुष्यात पाच-सहा वर्षंच लागणारी खोली कायमची विकत घ्यायला लागत नाही.

आता खरा हत्ती. तुम्ही १०० मीटरच्या हॉलवरून भांडताय आणि २४ गाड्यांच्या पार्किंगबद्दल एक शब्द नाही. एक गाडी उभी राहायला साडेबारा मीटर, पण आत-बाहेर करायचा रस्ता धरला की गाडीमागे २५ ते ३० मीटर जातात. २४ गाड्यांना कमीत कमी ६०० मीटर. तुमची दहा घरं झाली ही! काल्कब्राइटेमध्ये राहायला येणारे गाडी न ठेवायचं कबूल करून येतात. बार्सिलोनात ला बोर्दा नावाची २८ घरांची सहकारी बिल्डिंग २०१८ ला पूर्ण झाली, त्यांनी तळघरातलं पार्किंग रद्द करून घेतलं, खर्च खाली आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. जमीनही पालिकेची ७५ वर्षांच्या कराराने, घर कुणाच्याच मालकीचं नाही, राहायचा हक्क सहकारी संस्थेकडून, त्यामुळे उद्या भाव चढले म्हणून विकून मोकळं होता येत नाही. हे तुमच्या लोकांना पचेल असं नाही, पण 'परवडणारं' हा शब्द पहिल्या खरेदीदारापुरताच आहे की दुसऱ्यालाही परवडायला पाहिजे हे एकदा मीटिंगमध्ये विचारून बघा. शांतता पसरेल.


चोवीसातला_एक:

पार्किंग काढा म्हणालो तर आधी मलाच काढतील हे लोक 😅

पण ६०० मीटर हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. २४ पैकी गाड्या १५ कडेच आहेत आत्ता. बरं, मेंटेनन्सचं काय? कॉमन म्हणजे कुणाचंच नाही असं होतं ना शेवटी. आणि एकत्र स्वयंपाकघर ठेवायचा पण एक प्रस्ताव आहे, तो कुणी गांभीर्याने घेत नाहीये.


तिसऱ्या_मजल्यावरून:

स्वयंपाकघराचं मी बोलते कारण अजून कुणीच बोललं नाही आणि का बोललं नाही ते पण मला माहितीय.

प्रस्ताव कुणी आणला ते आधी बघा. एकत्र स्वयंपाक म्हटलं की पुरुषांच्या डोळ्यापुढे भरलेली पंगत येते आणि बायकांच्या डोळ्यापुढे सिंकमधली भांडी. डेन्मार्कमध्ये हे पन्नास वर्षांपासून चालू आहे, सेटेडामेन ही तिथली पहिली अशी वसाहत, १९७२ ची, २७ घरांची. अशा वसाहतींत प्रत्येक घरात स्वतःचं स्वयंपाकघर असतंच, कॉमन घरात आठवड्यातले काही दिवस जेवण, ज्याला यायचंय त्याने यावं, आणि प्रत्येक मोठ्या माणसाची पाळी लागते, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. तुमच्याकडे मोठी माणसं ४० धरा, एका रात्री दोघं करणार, आठवड्यातून तीन रात्री, तर एकाची पाळी जवळजवळ सात आठवड्यांनी येते. सात आठवड्यांत एक संध्याकाळ राबायचं आणि उरलेल्या वीस रात्री आयतं. हा हिशेब मांडा, मग गांभीर्याने घेतील. पण पाळी नावावर लावा, घरावर नाही. घरावर लावली की ती कुणाच्या अंगावर पडणार हे मी सांगायची गरज नाही.

पाळीचं जमणार नसेल तर स्वयंपाकघर बांधूच नका, नंतर बघू म्हणून तर मुळीच नको. धुण्याच्या खोलीशेजारी एक मोठं टेबल, सिंक आणि दोन शेगड्या एवढंच ठेवा. आणि धुण्याची खोली कृपा करून तळघरात किंवा गच्चीवर कोपऱ्यात ढकलू नका, चौकाला लागून, काचेची, कपडे होईपर्यंत पोरं समोर दिसतील अशी. मी बिल्डिंग बदलली ती एकट्या बाईला रात्री आठनंतर धुण्याच्या खोलीत जायला भीती वाटायची म्हणून. लांब पॅसेज, वळण, ट्यूबलाइट चालू-बंद होणारी. कुणी कधी काही केलं नाही, पण मी जायचंच सोडलं आणि शेवटी घरात मशीन घेतलं. हिशेबी माणूसभाऊ, तुमच्या ९८ घाण्यांत हे धरा.

अजून एक, सारखं भेटायला लागतं याचा पण वीट येतो बरं का. कधी कधी कुणाशी न बोलता घरी जायचं असतं, रडून आलेलं असतं, किंवा नुसतंच कंटाळलेलं असतं. चौकातून न जाता वर जाता येईल असा दुसरा जिना असू दे.


रेघोट्या:

दुसऱ्या जिन्याचा मुद्दा लाखातला आहे. आग लागली तर तसाही कामाला येतो.

मेंटेनन्सवर. अमेरिकेत सेंट लुईसला प्रुइट-आयगो म्हणून वसाहत होती, अकरा मजली ३३ इमारती, १९५४ ला लोक राहायला आले आणि १९७२ ला पाडायला सुरुवात झाली. तिथे लिफ्ट तीन मजल्यांनी एकदा थांबायची आणि त्या मजल्यांवर रुंद गॅलऱ्या ठेवल्या होत्या, मुलांना खेळायला, कपडे धुवायला, कल्पना अगदी आपल्यासारखीच. त्या गॅलऱ्यांतून जायला लोक घाबरायला लागले. आर्किटेक्ट ऑस्कर न्यूमनने नंतर जे टिपलं ते मी दर वेळी विद्यार्थ्यांना सांगतो: दोन घरांत मिळून असलेलं लँडिंग स्वच्छ, वीस घरांचा पॅसेज घाण, आणि दीडशे घरांचा जिना आणि लिफ्ट म्हणजे विचारूच नका. माणसं तीच, इमारत तीच.


हिशेबी_माणूस:

अर्धवट सांगताय. तिथे देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून निघायचा, घरं रिकामी पडत गेली तशी भाडी आटली, दुरुस्ती थांबली, म्हणून अजून लोक गेले. गॅलरीची रुंदी काय करणार त्याला. व्हिएन्नाचा कार्ल-मार्क्स-होफ बघा की, १९३० चा, १३८२ घरं, एक किलोमीटरहून लांब, मधे प्रचंड चौक, बांधकाम प्लॉटच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी जागेवर, धुलाईघरं, बालवाड्या, वाचनालय सगळं ठेवलेलं. आजही लोक राहतात. तुमच्या सात-वीस घरांच्या नियमात कुठे बसतंय ते?


रेघोट्या:

बरोबर, पैसा आटला हे खरं कारण, मान्य. पण कार्ल-मार्क्स-होफमध्ये पण १३८२ घरांना एक दार नाहीये ना, चौकातून वेगवेगळे जिने आहेत आणि एका जिन्यावर मोजकी घरं. बाहेरून किल्ला, आतून छोटे छोटे गट. आणि मालक महापालिका, देखभालीला माणसं पगारावर. तुमच्या २४ जणांना पगारी माणूस परवडेल का बघा, अर्धवेळ का होईना. नसेल परवडत तर प्रत्येक जागेला एक नाव लावा. गॅलरी त्या मजल्याची, चौक तळाच्या दोन गटांचा, धुण्याची खोली दर महिन्याला एका मजल्याकडे. आणि दुरुस्तीचा फंड पहिल्या महिन्यापासून, बिल्डिंग नवी आहे तेव्हापासूनच, कारण दहा वर्षांनी पंप जळतो तेव्हा कुणाच्याच खिशात हात जात नाही.

पर्यावरणाचं तुम्ही एका ओळीत उरकलंत म्हणून दोन शब्द. सोलर पॅनलवर खूप लोक भाळतात, लावा, चांगलंच आहे, पण जे बांधलंच नाही त्याच्यासारखी बचत नाही. जगातल्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. तळघर खोदून पार्किंग केलंत तर तिथे जेवढं काँक्रीट ओतायला लागेल ते वरचं सोलर किती वर्षांत फेडणार हे तुमच्या इंजिनियरला विचारा. ला बोर्दाने सहा मजले लाकडात उभे केले, ते सगळीकडे जमेल असं नाही. पण त्यांच्या मधल्या चौकावर पारदर्शक छत आहे, थंडीत ऊब धरून ठेवतं, उन्हाळ्यात उघडून गरम हवा वर सोडून देतात, आणि त्याच चौकाच्या गॅलऱ्यांवरून सगळे ये-जा करतात. तुमच्याकडे हवा कशी आहे त्यावर छत ठेवायचं की उघडं हे ठरवा. चौकात फरशी ठोकू नका सगळीकडे, निम्म्यात तरी माती राहू दे, पाणी मुरतं आणि झाड लागतं.


हॉलची_चावी:

आणि झाडाखाली कट्टा. गुडघ्याएवढा. आर्किटेक्टला न विचारता गवंड्याकडून करून घ्या 😄


चोवीसातला_एक:

मंडळी, काल रात्री पेन्सिल घेऊन बसलो. बायको म्हणाली काय पोरकटपणा चाललाय, मग तीच रेघा ओढायला लागली.

हॉलवर एक रेघ गेली, आणि ती पण जनरेटर चालू करायला जाणाऱ्या माणसाची. सगळ्यात काळं झालं ते जिन्याचं तोंड, प्लॅनमध्ये तिथे 'विद्युत कक्ष' लिहिलंय आणि त्याला लागून पार्किंगचे चार नंबर. म्हणजे धुण्याची खोली, टेबल, सायकली, कट्टा सगळं तिथे मावतंय पण चार गाड्या जातात. माझी एक धरून, माझा नंबर त्यातलाच आहे.

घरं ५६ मीटरची करून बघायला सांगितलंय, घरटी चार म्हणजे ९६ मीटर, वर हॉलचे १०० सुटतात. त्यातून गॅलरी दोन मीटर रुंद, धुण्याची खोली, पाहुण्यांच्या दोन खोल्या. गॅलरीला किती जातं त्यावर बाकीचं. स्वयंपाकाच्या पाळीचा तक्ता ग्रुपवर टाकला, नावानिशी, ४१ जण निघाले. तीन तास कुणीच उत्तर दिलं नाही, मग एका काकांनी विचारलं की मला फक्त भांडी घासायची पाळी मिळेल का. मिळेल म्हटलं.

पार्किंगचं मतदान पुढच्या रविवारी. ज्यांच्याकडे गाडीच नाही असे ९ जण आहेत आणि त्यातले ६ पार्किंग पाहिजे म्हणतायत, पुढेमागे घेऊ म्हणून. काय बोलायचं ते सुचत असेल तर लिहा.